हुकुमनाम्याने गेलेली नोकरी आणि आश्रयाचा अर्ज

सांजपावली

"ऑफिसात राजकारणापायी छळ होतोय, परदेशात आश्रय मिळेल का?" हा प्रश्न इथे अधूनमधून येतो आणि चार प्रतिसादांत गाडी पक्षांवर घसरते. म्हणून वेगळा धागा काढतेय, आणि मुद्दाम तुर्कस्तानचं उदाहरण घेतेय. कामाच्या ठिकाणचा छळ आश्रयाच्या कायद्यात कुठे बसतो आणि कुठे बसत नाही, हे त्यावरून चांगलं कळतं.

मी जर्मनीत असते. नोकरी वेगळीच, पण एक संध्याकाळ निर्वासितांच्या मदतकेंद्रात जाते. सरकारी पत्रं वाचून दाखवायची, अर्ज भरायचे, वकिलाची वेळ घेऊन द्यायची. तिथे भेटलेल्यांत तुर्की शिक्षक बरेच. शिवाय परिचारिका, नगरपालिकेतले कारकून, आणि एक माजी न्यायाधीशही.

१५ जुलै २०१६ च्या रात्री तुर्की सैन्यातल्या एका गटाने उठाव केला. संसदेवर बॉम्ब पडले, अडीचशेच्या आसपास लोक मेले, सकाळपर्यंत उठाव फसला. सरकारने ठपका ठेवला अमेरिकेत राहणारे धर्मोपदेशक फेतुल्ला ग्युलेन यांच्या चळवळीवर. त्यांनी तो नाकारला. २०२४ मध्ये ते वारले. मजा म्हणजे उठावाच्या काही वर्षं आधीपर्यंत ही चळवळ आणि राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांचा पक्ष एकमेकांचे जिवलग होते. शाळा, शिकवणीवर्ग, वसतिगृहं, वर्तमानपत्रं, बँक असा चळवळीचा पसारा होता. तेव्हा त्या बँकेत खातं काढलं म्हणून कोणाला भीती वाटायचं काही कारणच नव्हतं.

२० जुलैला आणीबाणी जाहीर झाली आणि हुकुमनामे निघायला लागले. तिकडे त्यांना 'केएचके' म्हणतात. राजपत्राला जोडून याद्या असत: नाव, हुद्दा, गाव. कारण सगळ्यांना एकच, दहशतवादी संघटनेचं सदस्यत्व, किंवा तिच्याशी संबंध, किंवा नुसता संपर्क. १ सप्टेंबर २०१६ च्या एकट्या ६७२ क्रमांकाच्या हुकुमनाम्याने ५० हजारांच्या आसपास सरकारी नोकर बडतर्फ झाले, त्यातले २८ हजारांवर शिक्षण खात्यातले. आणीबाणी दोन वर्षं चालली, तोवर आकडा सव्वा लाखाच्या वर गेला.

कारणे दाखवा नोटीस नाही, विभागीय चौकशी नाही. माणसं रात्री जागून राजपत्राच्या यादीत आपलं नाव शोधत बसायची. पण नोकरी जाणं ही त्यातली पहिली पायरी होती. सरकारी सेवेत कायमची बंदी. पासपोर्ट रद्द, पुढच्या हुकुमनाम्यात जोडीदाराचाही रद्द करायची सोय. सरकारी घर पंधरा दिवसांत खाली करायचं. आणि खासगी नोकरी शोधायला गेलं तर सामाजिक विम्याच्या नोंदीत 'हुकुमनाम्याने काढलेला' असा शेरा, जो नव्या मालकाला दिसतो. शेरा बघितल्यावर कोण कामावर घेणार?

माझं म्हणणं एवढंच आहे: नोकरी गेली म्हणून आश्रय मिळत नाही. नोकरी काढून घेणाऱ्याच हाताने पोट भरायचे आणि देश सोडायचे बाकीचे रस्तेही बंद केले, आणि ते तुमच्या मतांमुळे (किंवा तुमच्यावर चिकटवलेल्या मतांमुळे) केलं, तर त्याला कायदा छळ म्हणतो. १९५१ च्या निर्वासित करारात पाच कारणं आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशात पुढे असंही आहे की एकेकटे सौम्य वाटणारे उपाय एकत्र मिळून गंभीर होत असतील तर तो छळच. आणि ते मत तुमचं खरोखर आहे की नाही याने फरक पडत नाही, छळणारा तसं समजतो एवढं पुरतं.

खडूफळा

वाचतेय. मी स्वतः शिक्षिका, त्यामुळे २८ हजारांच्या आकड्यावर थबकले. पण ताई, कोर्ट नव्हतं का? आपल्याकडे साधी वेतनवाढ रोखली तरी माणूस न्यायाधिकरणात जातो.

सांजपावली

@खडूफळा, कोर्टाचीच तर गोची होती. उठावाच्या दुसऱ्याच दिवशी, १६ जुलैला, २,७४५ न्यायाधीशांना कामावरून दूर केलं. उरलेल्यांनी यादीतल्या माणसाच्या बाजूने निकाल द्यायचा म्हणजे पुढच्या यादीत आपलं नाव घालून घ्यायचं.

काही शिक्षक थेट स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. त्याने जून २०१७ मध्ये कोक्साल नावाच्या शिक्षकाचा अर्ज दाखल करून घ्यायला नकार दिला: तुर्कस्तानने तक्रारींसाठी आयोग नेमला आहे, आधी तिथे जा. आयोगाकडे सुमारे १ लाख २७ हजार अर्ज आले आणि काम २०२३ च्या सुरुवातीपर्यंत रेंगाळलं. मान्य झाले १८ हजारांच्या आसपास. सुनावणी तोंडी नव्हतीच, सगळं कागदावर. वर्षानुवर्षं माणूस 'अर्ज विचाराधीन' या एका ओळीवर जगत होता.

मोघम

लेख चांगला, पण एकतर्फी. उठाव खराच झाला होता ना? लोक मेले ना? सैन्यात, पोलिसांत, न्यायव्यवस्थेत एखादी गुप्त साखळी शिरली असेल तर सरकारने हातावर हात धरून बसायचं का? जर्मनीत बसून बोलणं सोपं आहे.

सांजपावली

@मोघम, उठाव खरा होता, आणि त्यातल्या लोकांवर खटले भरणं हा कुठल्याही सरकारचा हक्क आहे. चळवळीची माणसं खात्याखात्यांत वशिल्याने भरली होती, प्रश्नपत्रिका फुटत होत्या, हेही तिथले लोकच सांगतात, त्यात ग्युलेनवाल्यांनी पूर्वी ज्यांना छळलं ते सर्वांत पुढे. तो राग मला समजतो.

पण पुरावा कसला लावला ते बघा. बायलॉक नावाचं एक संदेशांचं अॅप. ते फोनवर होतं म्हणजे संघटनेचा सदस्य. डिसेंबर २०१७ मध्ये अंकाराच्या सरकारी वकिलांनीच जाहीर केलं की ११,४८० क्रमांक चुकून या यादीत आले. ही माणसं नमाजाची वेळ सांगणारी किंवा संगीताची साधी अॅपं वापरत होती आणि त्या अॅपांनी त्यांना नकळत बायलॉकच्या सर्व्हरकडे वळवलं होतं. तोवर त्यातले कितीतरी जण नोकरीतून गेले होते, काही तुरुंगात होते.

दुसरं, झाडू फक्त ग्युलेनवाल्यांवर फिरला नाही. जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे उठावाच्या आधी, कुर्दी भागातल्या लष्करी कारवाईविरुद्ध १,१२८ प्राध्यापक-संशोधकांनी एक निवेदन काढलं, पुढे सह्या दोन हजारांच्या वर गेल्या. उठावाशी त्यांचा काय संबंध? तरी त्यातले ४०० च्या आसपास लोक हुकुमनाम्यांत गेले. जुलै २०१९ मध्ये तिथल्याच घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की त्या सहीबद्दल शिक्षा देणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे. खटले सुटले, म्हणून नोकरी आपोआप परत मिळाली असं मात्र नाही.

निळीशाई

या विषयातला एक जुना धागा सांगते, कारण मी बर्लिनमध्ये विज्ञानाच्या इतिहासावर काम करते आणि राहवत नाही.

७ एप्रिल १९३३ ला हिटलरच्या सरकारने सरकारी सेवेचा एक कायदा आणला. नाव सोज्वळ, 'व्यावसायिक नोकरशाहीच्या पुनःस्थापनेचा'. त्याखाली ज्यू आणि राजकीयदृष्ट्या नकोशा प्राध्यापकांना, डॉक्टरांना, अधिकाऱ्यांना काढलं. फ्रँकफुर्टचे विकृतिशास्त्रज्ञ फिलिप श्वार्ट्झ झुरिकला पळाले आणि तिथे त्यांनी काढून टाकलेल्या शास्त्रज्ञांना परदेशात जागा शोधून देणारी संस्था उभी केली. त्यांना सगळ्यात मोठं दार उघडून दिलं कोणी? तुर्कस्तानने! तेव्हाचे तुर्की राष्ट्राध्यक्ष अतातुर्क नवं इस्तंबूल विद्यापीठ काढत होते, त्यांना माणसं हवी होती. करारात अट असायची: सुरुवातीला दुभाषी घेऊन शिकवा, काही वर्षांत तुर्कीत शिकवा आणि पाठ्यपुस्तकं लिहा. माग्देबुर्गचे महापौर एर्न्स्ट रॉयटर छळछावणी भोगून अंकाऱ्यात पोचले, तिथे नगररचना शिकवली, आणि युद्धानंतर बर्लिनचे महापौर झाले.

आता आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट प्रतिष्ठानाची जी योजना संकटातल्या संशोधकांना जर्मनीत आणते, तिचं नाव फिलिप श्वार्ट्झ आहे. २०१६ नंतर तिच्यातून आलेल्यांत तुर्की प्राध्यापक मोठ्या संख्येने होते.

पण ही गोष्ट फार गोड करून सांगू नये. १९३३ मध्ये नवं विद्यापीठ उभं करताना जुन्या दारुलफुनूनच्या (आधीच्या विद्यापीठाच्या) दीडशेवर तुर्की शिक्षकांना घरी पाठवलं होतं. जर्मनांना मिळालेल्या कितीतरी खुर्च्या अशाच रिकाम्या झालेल्या होत्या.

जुनाजाणता

निळीशाई, शेवटचा परिच्छेद लिहिलात म्हणून विशेष आभार. बहुतेक ठिकाणी तो गाळतात.

आपल्या घटनेतही चौकशीविना बडतर्फीची सोय आहे, हे लोकांना ठाऊक नसतं. कलम ३११ सरकारी नोकराला चौकशीचं संरक्षण देतं, पण त्याच्याच परंतुकात म्हटलंय की राज्याच्या सुरक्षिततेसाठी चौकशी इष्ट नाही असं राष्ट्रपती किंवा राज्यपालांचं समाधान झालं तर ती गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या तुळशीराम पटेल खटल्यात ही तरतूद उचलून धरली. जम्मू-काश्मीरमध्ये अलीकडच्या वर्षांत ती वापरली गेली. फरक असा की इथे आदेश एकेका माणसाच्या नावाने निघतो आणि त्याविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येतं. तिकडे अख्खी यादीच कायद्याचा भाग झाली. मी निवृत्त अवर सचिव, म्हणून हा तांत्रिक फरक मला मोठा वाटतो. कोणाला वाटणार नाही.

फाटकंछत्र

मंडळी, माझा प्रश्न खरा आहे, हसू नका. माझा आतेभाऊ पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्यात लॅब केमिस्ट. संचालक मंडळाच्या निवडणुकीत तो विरोधी पॅनलबरोबर फिरला. निकाल लागला आणि आठवड्याच्या आत लॅबमधून उचलून ऊसतोडणीच्या गटावर टाकला. पगार रखडवतात, रजा नाकारतात, आता घरी माणसं पाठवून दम देतात. एजंट म्हणतो, वीस लाख दे, युरोपात नेतो, तिथे 'राजकीय छळ' म्हणून आश्रय मागायचा, सगळं तो लिहून देतो. आत्याने जमीन विकायला काढलीय. काय सांगू?

अॅड_विदर्भी

@फाटकंछत्र, आधी आत्याला फोन करा आणि जमीन थांबवा. बाकीचं नंतर वाचा.

आश्रयाच्या अर्जात पहिला प्रश्न: छळणारं कोण? इथे कारखान्याचे संचालक, म्हणजे सरकार नव्हे. खासगी माणसाकडून छळ होत असेल तर सरकार संरक्षण देऊ शकत नाही किंवा देत नाही हे दाखवावं लागतं. तुमच्या भावाने पोलिसांत तक्रार दिलीय? नसेल तर इथेच गाडी अडते. दुसरा प्रश्न: देशात दुसरीकडे राहता येतं का? चेअरमनचा वचक तालुक्यात, फार तर जिल्ह्यात. साखरेचा केमिस्ट कर्नाटकात, उत्तर प्रदेशात, गुजरातेत नोकरी करू शकतो. तो तिथे सुखाने राहू शकत असेल तर परदेशी आश्रयाचा हक्क उरत नाही. तुर्की शिक्षकाला ही वाट नव्हती, कारण त्याच्या नावावरचा शेरा देशभर दिसत होता. या दोन प्रकरणांतलं अंतर तिथे आहे. शिवाय २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने 'सुरक्षित मूळ देश' म्हणून जी यादी सुचवली तिच्यात भारत आहे. अशा यादीतल्या देशांचे अर्ज झटपट निकाली काढायची सोय असते.

आता इथला उपाय. सहकारी कारखाना म्हणजे मॅटचा (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचा) विषय नाही, ते सरकारी नोकरांसाठी. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा कायद्यात दुष्ट हेतूने केलेली बदली ही अनुचित प्रथा म्हणून नोंदलेली आहे. नव्या श्रमसंहितांनंतर दाद नेमकी कुठे मागायची हे स्थानिक कामगार वकिलाला विचारा. बदलीचा आदेश, पगाराच्या पावत्या, रजेचे अर्ज, निवडणुकीतले फोटो सगळं जपा. दम देणाऱ्यांविरुद्ध लेखी तक्रार द्या, पोचेवर शिक्का घ्या. पोलीस घेत नसतील तर अधीक्षकांना टपालाने पाठवा. उद्या कुठेही लढायचं झालं तरी हेच कागद कामाला येतील.

सांजपावली

अॅड_विदर्भींशी शब्दन् शब्द सहमत. 'लिहून देतो' म्हणणाऱ्या एजंटबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण ती सुनावणी कशी चालते ते बाहेर फारसं कळत नाही.

अर्ज घेतं ते संघीय स्थलांतर आणि निर्वासित कार्यालय, इथे सगळे त्याला 'बाम्फ' म्हणतात. आधी बोटांचे ठसे आणि प्रवासाचा मार्ग, कारण वाटेत दुसऱ्या युरोपीय देशात नोंद झाली असेल तर डब्लिन नियमाप्रमाणे अर्ज तिकडे ढकलला जाऊ शकतो. मग खरी मुलाखत. एका खोलीत अधिकारी, दुभाषी आणि तुम्ही. वकील बरोबर आणता येतो, पण तुमच्या वतीने गोष्ट तो सांगत नाही, ती तुम्हीच सांगायची. कागदावर तयार करून आणलेली गोष्ट तिथे टिकत नाही, कारण अधिकारी सरळ क्रमाने विचारतच नाही. मध्येच विचारेल, यादीत नाव आलं तेव्हा घरात कोण होतं, कोणी सांगितलं, मुख्याध्यापक काय म्हणाले, चाव्या कोणाकडे दिल्या. ज्याने भोगलंय तो अडखळतो, तारखा चुकतो, पण चाव्या कोणाकडे दिल्या ते त्याला आठवतं. पाठ केलेल्याला तारखा तोंडपाठ असतात आणि चाव्यांपाशी तो गप्प होतो.

शेवटी दुभाषी इतिवृत्त परत वाचून दाखवतो. रात्र झाली, भूक लागली, म्हणून लोक "हो हो, बरोबर" म्हणून सही करतात. करू नये. दुभाष्याने 'निलंबित' म्हटलंय की 'बडतर्फ', यावर पुढचं सगळं ठरतं.

तुर्की अर्जदारांपाशी सरकारी पोर्टलवरून काढलेले कागद असतात. त्यांची न्यायव्यवस्था बरीचशी ऑनलाइन आहे, माणूस आपल्या खटल्याची फाइल तिथून उतरवून घेऊ शकतो. म्हणून बनावट कागदांचाही बाजार आहे, आणि त्याची किंमत खऱ्यांना मोजावी लागते, प्रत्येक शिक्का संशयाने बघितला जातो. खोटं उघड झालं तर अर्ज 'उघडपणे निराधार' ठरू शकतो. मग न्यायालयात जायला एकच आठवडा. एरवी नकार आला तर दोन आठवडे मिळतात.

आणि एक. आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला की बहुतेकांना देश सोडल्याशिवाय दुसरा कुठलाही राहण्याचा परवाना मिळत नाही. केमिस्टला कामाच्या व्हिसाची सरळ वाट असेल तर एजंटच्या नादी लागून तिच्यावरच पाणी सोडलं जाईल.

फाटकंछत्र

धन्यवाद. आत्याशी बोललो. जमिनीची बोलणी तूर्त थांबवली. एजंट आता पंधरा लाखांवर आलाय.

खडूफळा

पंधरावर आला म्हणजे दहावरही येईल. येऊ दे, पण देऊ नका. :)

सांजपावलीताई, ज्यांना आश्रय मिळाला ते शिक्षक पुन्हा शिकवतात का हो?

सांजपावली

फार थोडे. जर्मनीत शाळेच्या शिक्षकाकडे सहसा दोन विषय लागतात. तुर्कस्तानात भौतिकशास्त्राचा शिक्षक फक्त भौतिकशास्त्रच शिकवतो, म्हणजे त्याची पात्रता इथे अर्धी. दुसरा विषय विद्यापीठात शिकायचा, त्यासाठी वरच्या पातळीची जर्मन, आणि वय पंचेचाळीस. माझ्या ओळखीचे एक गणिताचे मास्तर गोदामात काम करतात आणि शनिवारी तुर्की मुलांची शिकवणी घेतात. त्यांच्या पत्नी परिचारिका होत्या, त्यांचं जमलं, कारण रुग्णालयांना माणसं हवीच आहेत. घरात आता त्या कमावत्या, आणि मास्तरांना ते पचायला जड गेलं, हे त्यांनीच हसत सांगितलं.

मोघम

एक विचारतो. २०२३ मध्ये जर्मनीत आश्रय मागणाऱ्यांत तुर्कस्तान सीरियाच्या खालोखाल होता, ६१ हजारांच्या आसपास अर्ज. आणीबाणी उठून तोवर पाच वर्षं झाली होती. हे सगळे हुकुमनाम्याचे बळी?

सांजपावली

नाहीत, अजिबात नाहीत. महागाई, लिराची घसरण, भूकंप, यांनी बाहेर पडलेले त्यात बरेच होते, आणि कुर्दी लोकही मोठ्या संख्येने. त्यातल्या बहुतेकांना संरक्षण मिळालं नाही. गरिबी हे निर्वासित करारातलं कारण नाही, मग ती कितीही खरी असो. तुमचा मुद्दा बरोबर आहे. गर्दी वाढली की हुकुमनाम्याच्या माणसाची फाइलही त्याच ढिगात जाते आणि अधिकारी थकलेला असतो.

पण २६ सप्टेंबर २०२३ चा निकालही बघा. यालचिन्काया नावाच्या शिक्षकाला बायलॉक, बँकेतलं खातं आणि एका शिक्षक संघटनेचं सदस्यत्व या आधारावर सहा वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली होती. स्ट्रासबुर्गच्या मोठ्या खंडपीठाने सांगितलं की यात कायद्याशिवाय शिक्षा नाही या तत्त्वाचा, न्याय्य सुनावणीच्या हक्काचा आणि संघटनास्वातंत्र्याचा असा तिहेरी भंग झाला. तशाच स्वरूपाचे साडेआठ हजारांच्या आसपास अर्ज तेव्हा त्या न्यायालयात पडून होते. दोष व्यवस्थेतलाच आहे, असंही निकालात म्हटलंय.

मोघम

निकाल वाचतो. बायलॉकच्या ११ हजारांचं मला माहीत नव्हतं.

जुनाजाणता

एक शंका. मान्यता मिळालेल्या निर्वासिताचा मूळ पासपोर्ट संपला तर तो तुर्की वकिलातीत जाऊन नवा काढू शकतो का? आमच्या सोसायटीतल्या एका मुलाचा तुर्की मित्र म्युनिकमध्ये आहे, त्याला भावाच्या लग्नासाठी गावी जायचंय.

सांजपावली

त्याला आधी वकिलाकडे पाठवा, वकिलातीत नव्हे. निर्वासिताला जर्मनी १९५१ च्या करारानुसार निळं प्रवासपत्र देते. त्यावर बहुतेक जगभर फिरता येतं, मूळ देश सोडून. ज्या सरकारपासून पळालो त्याच्याच दारात आपणहून पासपोर्ट मागायला गेलं किंवा गावी जाऊन आलं, तर संरक्षणाची गरज उरली नाही असं बाम्फ म्हणू शकतं आणि दर्जा काढून घेण्याची कारवाई सुरू होऊ शकते. लग्न तिसऱ्या देशात ठेवता येत असेल तर बघा म्हणावं. बरीच कुटुंबं तसं करतात.